ऑर्मरॉड उठले की चहा

सेल्विन ऑर्मरॉड बोलायला उठले की वेस्टमिन्स्टरच्या संसदेतल्या चहाच्या खोलीत लोक निवांत दुसरा कप मागवत. कोण बोलतंय त्याचं नाव खोल्याखोल्यांतल्या टीव्हीवर झळकतं आणि ऑर्मरॉड हे नाव झळकलं की घाई नसते, हे अगदी नवख्या खासदारालाही पहिल्याच महिन्यात कळत असे. माणूस भूगोलाचा मास्तर. हार्थवेटच्या लोकांनी प्रेमाने पुन्हा पुन्हा निवडून दिला आणि पक्षाने पुन्हा पुन्हा मागच्या बाकावर बसवला. आता या गृहस्थाला गप्प बसता येत नाही, त्याला कोण काय करणार! नदीवर बोलायचं तर उगमापासून सुरुवात.

त्या गुरुवारी मात्र पक्षाच्या प्रतोदाने, टँक्रेडने, त्यांना जिन्यातच गाठलं.

"सेल्विन, आज शेतातल्या पाण्याच्या चरांचं विधेयक आहे. सगळ्यांना संध्याकाळच्या गाड्या पकडायच्यात. दोन शब्द बोला नि बसा."

"आणि बसलो तर?"

"दळणवळण समितीतली जागा रिकामी झालीय. तुमचं नाव मी देतो. पण तोंड आवरलंत तरच हं!"

त्या समितीसाठी सेल्विननी किती वर्षं उंबरे झिजवले होते! डोंगरातल्या रेल्वेविषयी त्यांच्याकडे सांगण्यासारखं खरोखर होतं, पण ऐकणार कोण? त्यांनी टँक्रेडला शब्द दिला.

पुढच्याच वळणावर नेरिस प्यू भेटली. विरोधी पक्षाची, वेल्सची, तिखट बाई. चरांचं विधेयक संपलं की दिवसाचा शेवटचा अर्धा तास तिचा होता. तिच्या मतदारसंघातल्या बिनदांड्याच्या रेल्वे फाटकावर एम्रिस प्रॉसर नावाचा माणूस गाडीखाली गेला होता. तिथे दांडा का बसवत नाही, हे मंत्र्यांना भर सभागृहात सांगावं लागणार होतं. एम्रिसची बायको त्यासाठी पहाटेच्या बसने आली होती आणि वर गॅलरीत बसली होती.

"तुम्ही बोलणार ना आज?" नेरिसने विचारलं.

"बोलणार आहे."

"मग झालं! सकाळपासून पोटात काही नाही. निवांत टोस्ट खाऊन येते."

दोनच शब्द बोलणार आहे, हे तिला सांगायला हवं होतं. पण विरोधकांपुढे ते कबूल करायची सेल्विनना लाज वाटली. ते नुसते हसले आणि आत गेले.

भाषण खरंच दोन मिनिटांत आटोपलं. सभापतीही चमकून बघायला लागले. सेल्विननी कागद घडी करून खिशात घातला, आणि बसता बसता त्यांची नजर समोर गेली. नेरिसची जागा रिकामी. आता मंत्री उत्तरादाखल दोन वाक्यं बोलणार, विधेयक मंजूर होणार, की लगेच नेरिसच्या नावाचा पुकारा. त्या क्षणी माणूस जागेवर नसला की अर्धा तास गेला. सभागृह उठतं, मंत्री सुटतात, कोणी कोणासाठी थांबत नाही. वर काळ्या कोटातली एक बाई कठड्यावर वाकून त्याच रिकाम्या जागेकडे बघत होती.

सेल्विन बसलेच नाहीत.

"आणि सभापतिमहोदय," ते म्हणाले, "चरांचा विषय बदकांशिवाय पुरा होत नाही."

सभागृहातून "अरे देवा!" असा सूर निघाला. टँक्रेड मागे वळला आणि दातओठ खात कुजबुजला, "बसा! बसा म्हणतो ना!" सेल्विननी त्याच्याकडे पाहिलंच नाही. बदकं झाली, बांध झाले, आजोबांच्या शेतातला चिखल झाला. सभापतींनी दोनदा बजावलं, "सन्माननीय सदस्यांनी विधेयकाकडे परत यावं." सेल्विन नम्रपणे परत आले आणि नव्या वाटेने पुन्हा निघाले. घसा कोरडा पडला. समिती हातची गेली हे त्यांना कळत होतं, आणि वाईटही फार वाटत होतं. पण डोळे दारावर होते.

दार उघडलं. नेरिस ओठ पुसत रमतगमत आली आणि जागेवर बसली.

"इतकंच बोलून मी थांबतो," सेल्विन म्हणाले.

पुढचं रीतसर झालं. नेरिस कडाडली. मंत्र्यांनी आढेवेढे घेतले, पण सर्वांसमोर एम्रिस प्रॉसरचं नाव घेतलं आणि दांडा बसवण्याचं वचन दिलं. ते आता कामकाजाच्या इतिवृत्तात छापलं जाणार, मागे फिरायची सोय नाही.

बाहेर टँक्रेड नुसता म्हणाला, "तुम्ही जन्मात सुधारणार नाही." जागा दुसऱ्याला गेली. नेरिसने जाता जाता पाठीवर थाप मारली. "तुमच्यामुळे दोन टोस्ट झाले, मुरंबा लावून! असेच लांब बोलत जा." सेल्विननी मान डोलावली. सांगून काय मिळणार होतं?

जिन्याखाली ती काळ्या कोटातली बाई थांबली होती.

"मी प्रॉसर. एम्रिसची बायको," ती म्हणाली. "तुमचं तर संपलं होतं. कागद खिशात घातलात, मी वरून पाहिलं."

"हो."

"मग दाराकडे बघत बघत बोलत राहिलात."

सेल्विन ऑर्मरॉडना आयुष्यात पहिल्यांदाच पुढे काय बोलावं ते सुचेना. बाईने हातमोजा काढून हात पुढे केला.

"मी शब्दन् शब्द ऐकला," ती म्हणाली. "बदकांचासुद्धा."