जावक क्रमांक सात

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. सरकारी कचेरीत उभी हयात जावक टेबलावर काढली. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर क्रमांक टाकायचा, वहीत नोंद करायची आणि पोच हातात आल्याशिवाय कुणावर विश्वास ठेवायचा नाही, एवढंच तिथे शिकलो.

निवृत्तीनंतर बिबवेवाडीच्या घरात कादंबरी लिहिली. मुलीने नोकरी सांभाळून दोन वर्षं खपून तिचं इंग्रजी केलं. इंग्रजी प्रकाशक म्हणे थेट लेखकाशी बोलत नाहीत, मधे एजंट लागतो. तिनेच सात एजंट शोधून दिले. "सगळ्यांना एकदम पाठवा बाबा, चालतं. फक्त तसं त्यांना कळवा."

कळवा म्हणे. दुसऱ्याकडेही आहे हे कळलं की पहिला हात झटकणार, आणि हे सातही जण आतून एकमेकांना सामील असणार, याबद्दल मला शंका नव्हती. मी प्रत्येकाला 'सदर कादंबरी केवळ आपणांसच पाठवीत आहे' असं पत्र टाइप केलं, सही ठोकली आणि बुधवार पेठेतल्या एका दुकानात स्कॅन करून कादंबरीसोबत मेलने पाठवलं. मुलीला यातलं काही बोललो नाही.

सहा जणांनी साधी पोचही दिली नाही. सातव्या बाईंचा मेल आला, तोही मराठीत. बाई मूळच्या पुण्याच्या, आता दिल्लीत. कादंबरी आवडली, दुसऱ्यांदा वाचते आहे, म्हणाल्या. मुलगी आनंदाने रडली. मला प्रश्न पडला, दुसऱ्यांदा कशाला? उतरवून घेतायत की काय?

पुढच्या मेलमध्ये त्यांनी विचारलं, ही आणखी कुणाकडे आहे का? मी 'नाही' कळवलं आणि तडक बुधवार पेठ गाठली. दुकानदाराशिवाय कोण फोडणार?

"माझे कागद कुणाला दाखवलेत?"

"काका, दिवसभर आधार कार्डं स्कॅन करतो," तो मान वर न करता म्हणाला. "तुमची कादंबरी वाचायला मी रिकामा दिसतो का?"

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. "आपल्या पत्रावर जावक क्रमांक सात आहे. माझे वडीलही कचेरीत होते. आधीची सहा कुणाला गेली?"

हाताच्या सवयीने मी सातही पत्रांवर क्रमांक टाकले होते.

"सात जणांना पाठवलीत, त्याचं मला काही नाही. सगळेच पाठवतात. पण विचारल्यावरही आपण नाही म्हणालात. उद्या प्रकाशकापुढे मी आपल्या शब्दावर उभी राहणार. कशी राहू?"

"चूक झाली," मी म्हणालो.

"चाळीस पानं टिपणं काढली होती मी. असू द्या." त्यांनी फोन ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी मुलीने विचारलं, "बाबा, त्या बाईंचं काही आलं?"

"आलं होतं," मी म्हणालो. "पण माणूस विश्वासातलं वाटत नाही."

"तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असेल," ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.