नाडीताईंनी बंद केलेला आवाज

दवाखान्यात सगळे त्यांना नाडीताई म्हणत. कुठल्याही टेबलावरून "संगणक अडकलाय" असा निरोप आला, की दुसऱ्या कुणी आधी वायर उपटून पुन्हा खोचली असती. नाडीताई तसं करत नसत. खुर्ची ओढून बसायच्या, टास्क मॅनेजर उघडायच्या आणि हात मांडीवर ठेवून पाच मिनिटं नुसत्या बघत राहायच्या. कोणती प्रोसेस चालू आहे, कोण किती मेमरी खातंय, पडद्यामागे आपोआप चालणारी कुठली सर्व्हिस सारखी बंद पडून पुन्हा उठतेय. टेबलावरचा माणूस चुळबुळायला लागायचा.

"ताई, काहीतरी करा की!"

"करतेच आहे. बघतेय."

पंचवीस वर्षांपूर्वी त्या इथे केसपेपर टाइप करायला आल्या होत्या. संगणक आले, पण ते दुरुस्त करणारा माणूस पंधरा दिवसांतून एकदा उगवायचा. मधल्या दिवसांत करायचं काय, म्हणून त्या पडद्यावरची ती लांबलचक यादी वाचायला लागल्या. ना डिग्री, ना कोर्स. आता बेचाळीस संगणक एकट्या सांभाळत होत्या. प्रत्येकासाठी वहीत एक पान होतं. संगणक धडधाकट असताना त्यावर काय काय चालतं, आणि प्रिंटरशी त्याचं बोलणं करून देणारा ड्रायव्हर कोणता, ते सगळं त्या पानावर. "आजारी ओळखायचा, तर तो बरा असताना कसा दिसतो ते आधी ठाऊक हवं," असं त्या म्हणत. मोठमोठ्या पदव्यांच्या लोकांना हे कळत नाही, नाडीताईंना कळलं होतं.

घरी मात्र या कामाची शोभाच व्हायची. अडकलेली प्रोसेस बंद करण्याला त्या 'मारणं' म्हणत. फोनवर त्या कुणाला तरी सांगायच्या, "दोन मारल्या, तिसरी काही केल्या मरत नाहीये," आणि समोर पाहुणे बसलेले असले की सासूबाई कपाळाला हात लावायच्या. "दवाखान्यात कामाला आहे हो आमची सून," असं त्या घाईघाईने सांगायच्या. त्याने पाहुण्यांचा चहा घशातच अडकायचा.

अशा या बाईंच्या हातून आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक झाली, ती दवाखान्याच्या टेलिफोन ऑपरेटरच्या संगणकावर.

ऑपरेटर काका जन्मांध. एकोणीस वर्षं ते फोन जोडायच्या जुन्या बोर्डावर बसले होते, त्याचे खटके बोटांना पाठ. मग तो बोर्ड गेला आणि फोन संगणकावर यायला लागले. कोण बोलतंय, कोणत्या वॉर्डाची लाइन मोकळी आहे, सगळं पडद्यावर. पडदा वाचून हेडफोनमधून कानात सांगणारा एक प्रोग्राम होता, त्याच्या भरवशावर काका पंधरा दिवस रोज तासभर लवकर येऊन सराव करत होते. व्यवस्थापक साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "सोमवारी अकराला मी शेजारी बसून बघेन. जमलं तर खुर्ची तुमची. नाही जमलं, तर रेकॉर्डच्या खोलीत पाकिटं चिकटवायचं काम आहे."

"ताई," काका नाडीताईंना म्हणाले होते, "एकोणीस वर्षं लोक रडत रडत फोन करतायत आणि मी त्यांना त्यांच्या माणसापर्यंत नेऊन सोडतोय. पाकिटं बोलत नाहीत हो."

शनिवारी संध्याकाळी काकांनी तक्रार केली, की मशीन रेंगाळतंय, आवाज अडखळतोय. नाडीताई लगेच आल्या. पण त्याच वेळी प्रसूती वॉर्डातल्या प्रिंटरचा ड्रायव्हर बिनसला होता आणि तिथली नर्स फोनवर फोन करत होती. संगणक नवा, वहीतलं त्याचं पान अजून कोरं. त्या दिवशी नाडीताई पाच मिनिटं बसल्या नाहीत. सर्व्हिसेसच्या यादीत तीन अनोळखी नावं दिसली. विकणाऱ्याने नको तो कचरा भरून दिला असणार, असं म्हणून त्यांनी तिन्ही कायमच्या बंद करून ठेवल्या, म्हणजे पुढच्या वेळी मशीन चालू होईल तेव्हा त्या उठूच नयेत. वाचणारा प्रोग्राम त्या घटकेला आधीच चालू होता, तो बोलत राहिला. काका म्हणाले, "देव तुमचं भलं करो." आणि नाडीताई वॉर्डाकडे धावल्या.

सोमवारी काका आठलाच आले. मशीन चालू केलं. कानात काहीच नाही. त्यांनी कळा दाबल्या, पुन्हा दाबल्या, बंद करून पुन्हा चालू केलं. फोन वाजत होते, पण कोणाचे आणि कुठे न्यायचे, ते सांगणारं कुणी नव्हतं. नाडीताई दहाला कामावर येऊन तिथे पोचल्या, तेव्हा काकांचा शर्ट घामाने भिजला होता. "माझंच काहीतरी चुकतंय," ते पुटपुटत होते. "कालपरवापर्यंत येत होतं मला."

नाडीताई बसल्या. आधी आवाजाचा ड्रायव्हर पाहिला, ठणठणीत होता. चाचणीचा आवाज लावला, काकांच्या कानात टिंग झालं. मग प्रोसेसची यादी. वाचणाऱ्या प्रोग्रामचं नावच त्यात नव्हतं. तो उठलाच नव्हता. त्याला उठवतं कोण? त्या सर्व्हिसेसच्या यादीत गेल्या. त्याला उठवणारी सर्व्हिस म्हणजे शनिवारी बंद केलेल्या तीन नावांतलं तिसरं नाव होतं. कचरा म्हणून त्यांनी काकांचे डोळेच फेकून दिले होते.

तेवढ्यात साहेब वेळेआधीच आले. काकांकडे, मुक्या मशीनकडे पाहून म्हणाले, "काका, वाईट वाटून घेऊ नका. वय झालं की नवीन गोष्टी बोटांत बसत नाहीत."

काकांनी मान खाली घातली.

मशीनची लहर म्हणून हे सहज खपलं असतं. कोणती सर्व्हिस कुणी, कधी बंद केली याची मशीनमधली नोंद वाचू शकणारं अख्ख्या दवाखान्यात दुसरं कुणी नव्हतं. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेतो? पण लहरी मशीन आणि आंधळा ऑपरेटर, हा हिशेब साहेबांनी कुठे नेला असता, ते नाडीताईंना समोर दिसत होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी.

"साहेब, काकांचं काही चुकलेलं नाही," त्या उभं राहून म्हणाल्या. "मी चुकले. शनिवारी न बघता, न विचारता ही सर्व्हिस मी बंद केली. ही बघा वेळ, सहा वाजून दहा मिनिटं. हे माझं नाव."

त्यांनी सर्व्हिस चालू केली. काकांच्या कानात आवाज बोलायला लागला, आणि त्यांचे खांदे खाली आले.

साहेब काही विरघळणारे नव्हते. "आज ताई सापडल्या. उद्या त्या नसताना हे पुन्हा मुकं झालं तर? यांना तर दिसतही नाही."

"शनिवारी दिसणाऱ्यांनाही दिसलं नव्हतं, साहेब," काका शांतपणे म्हणाले.

आधी नाडीताईंनाच हसू फुटलं, तोंडावर हात असूनही. मग साहेबांनी खुर्ची ओढली आणि बसले. पाऊण तास फोन येत राहिले. एका म्हातारीला नवरा कोणत्या वॉर्डात आहे तेच आठवत नव्हतं, नुसती रडत होती. काकांनी तिला बोलतं ठेवलं आणि अर्ध्या मिनिटात नवऱ्याच्या खाटेशेजारचा फोन वाजवला. साहेब उठले. "खुर्ची तुमचीच," एवढंच म्हणाले आणि गेले.

नाडीताईंचा जीव भांड्यात पडला, पण मान वर होईना. "काका, मला माफ करा."

काकांनी एक कान मोकळा केला. "माफी कसली मागताय? सकाळी आठपासून मी माझ्या बोटांना शिव्या घालत होतो. डोळे नाहीत, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण आज वाटलं, बोटंही गेली. तुम्ही गुपचूप चालू करून दिलं असतंत, तर मशीन बोललं असतं, पण मी जन्मभर या बोटांवर संशय घेत बसलो असतो. तुमचे उपकार आहेत माझ्यावर."

माफी मागायला गेलेल्या बाईंचेच आभार मानले जात होते, आणि त्या आभारांचं काय करावं हे त्यांना कळेना. आपण या माणसाचे जन्माचे ऋणी झालो, एवढं मात्र कळलं. त्यांनी डोळे पुसले आणि नाक ओढलं.

"रडू नका," काका कान झाकता झाकता म्हणाले, "मला सगळं ऐकू येतं. आणि बाजूला व्हा जरा, कुणीतरी फोन करतंय."