न ओढलेली बाही

माझ्या सख्ख्या मेव्हण्यानं मला फसवलं, आणि असं फसवलं की चंदगडपासून कोडोलीपर्यंत तसा दुसरा माणूस सापडायचा नाही. सत्तर सालाच्या सुमारास हा गडी गळ्यात इलेक्ट्रिक गिटार अडकवून घराबाहेर पडला, तेव्हा गल्लीतल्या म्हशी बुजल्या. बँड चौघांचा. सराव तालमीच्या मागच्या खोलीत, आणि वस्तादांची अट अशी की आधी जोर-बैठका, मग वाजवणं. त्यानं ड्रमवाल्याच्या दंडात इतकी ताकद आली की दर महिन्याला ड्रमचं एक पान फुटायचं. लोक सिनेमाची गाणी मागत. हा स्वतःचीच वाजवी. गारगोटीच्या एका लग्नात वरबापानं फर्माईश केली, तर हा शांतपणे म्हणाला, "पावणं, ते रेडिओवर लागतंय की. आमचं कुठं लागतंय?" जेवणाआधीच आमची बोळवण झाली.

माझी लाकडाची वखार, शून्यातून उभी केलेली, म्हणून बँडचे सौदे माझ्याकडे. सहा वर्षं ह्यांना टेम्पोत घालून गावोगाव फिरवलं. लोक उठून जात, मी शेवटपर्यंत बसे. ऊस तुटून गेलेल्या रिकाम्या रानावर त्यानं एक गाणं केलं होतं. ते लागलं की माझी तपकीर चिमटीतच राही.

मग मुंबईहून रेकॉर्ड काढणारा एक साहेब आला. स्टेशनजवळच्या लॉजवर बोलणी झाली. रेकॉर्डच्या एका बाजूला हे उसाचं गाणं आणि दुसऱ्या बाजूला सिनेमाची धून, असं तो म्हणे. दोन्ही बाजू आमच्याच गाण्यांच्या हव्यात, म्हणून मी अडून बसलो. तो हलेना, तेव्हा मी उठलो. आमच्या बाजारात उठणं म्हणजे जाणं नव्हे. आपण उठायचं, सोबतच्यानं बाही ओढून "बसा वो" म्हणायचं, मग समोरचाही जरा नरमतो. मेव्हणा तीन वर्षं माझ्या वखारीत ह्याच कामाला होता. एक सदरा तर त्यानं ओढून ओढून उसवला होता. त्या दिवशी मी दाराशी गेलो, चपला जमेल तितक्या सावकाश घातल्या, मान वर करून पाहतो तर हा साहेबाला नमस्कार करून माझ्याआधी जिन्यात.

खाली आल्यावर मी विचारलं, बाही का ओढली नाहीस?

"दाजी, तुमी बराबर उठलासा," तो म्हणाला. "सिनेमाची धून आपल्याला जमायची न्हाय."

साहेब त्याच दिवशीच्या गाडीनं गेला. वर्षभरात बँड मोडला. ड्रमवाला साखर कारखान्यात लागला, मेव्हणा गारगोटीला शाळेत पोरांना प्रार्थना शिकवायला लागला. परवा त्याच्याकडे गेलो आणि उसाचं गाणं म्हण म्हटलं. दोन ओळी म्हणून तो थांबला. खिडकीकडे बघत म्हणाला, "पुढचं आठवंना, दाजी." मलाही तेवढंच आठवत होतं.

रेकॉर्ड असती तर तिच्या मागची धून मी आयुष्यभर सोसली असती. उठलो मी, हे कबूल. पण बाही ओढायचं काम त्याचं होतं. ती का ओढली नाही, याचा जबाब त्यानं मला द्यायलाच हवा. नुसतं बोलून चालणार नाही. ते गाणं आठवून, पुरं म्हणून द्यावा.