न वाजवलेले बारा लंगर

फोन आला तेव्हा मी वर्कशॉपमध्ये एका लंगराच्या दांड्यावर ग्राइंडर चालवत होतो. मशीनच्या आवाजात दोन फोन चुकले. तिसरा घेतला. पलीकडे शामराव काकाजींचा मुलगा गिरीश होता. इथं भिलाईत वाढलेल्यांची मराठी अर्ध्या वाटेत हिंदी होते, तशी त्याचीही झाली. "दादा, बाबा गेले… बहू चाय देने गई, तो उठे ही नहीं." मी "येतो" म्हणालो आणि ग्राइंडर खाली ठेवला. त्या क्षणी मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. मनात आलं, काकाजी आता मला तो प्रश्न पुन्हा विचारणार नाहीत.

काकाजी माझ्या वडिलांचे सोबती. दोघं तुमसरकडच्या एकाच गावचे, शेती भावांवर सोडून इथं भिलाईच्या पोलाद प्लांटात लागलेले. वडील लवकर गेले. काकाजींनी सारी नोकरी तापलेलं लोखंड ठोकून घडवायच्या फोर्ज शॉपमध्ये काढली आणि निवृत्त झाल्यावर कॅम्प-१ मधल्या घरून रोज सायकलनं माझ्या वर्कशॉपात यायला लागले. मी तेव्हा नुकतेच लंगर बनवायला घेतले होते. आमच्याकडे समुद्र नाही, पण धरणं आहेत, आणि धरणांत मासेमारीच्या नावा आहेत. नाव जागेवर थांबवायला दोराला बांधून पाण्यात सोडतात तो लोखंडी आकडा म्हणजे लंगर. मऊ पोलादाचा दांडा, त्याला वेल्डिंगनं जोडलेली दोन पाती, आणि गंजू नये म्हणून वरून जस्ताचा थर. जस्त चढलं की चांगला-वाईट सगळाच माल सारखा चमकतो. म्हणून जे काय तपासायचं ते जस्ताच्या आधी.

तपासायचे काकाजी. वेल्डिंग झालेला लंगर एक अख्खा दिवस तसाच पडू द्यायचा, हा त्यांचा नियम. दुसऱ्या दिवशी तो साखळीला टांगायचे, हातोडीचा एक हलका ठोका द्यायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. आवाज लांबत गेला तर माल चांगला. मधेच बसला, तर आत कुठंतरी तडा. चांगल्या मालावर दोर बांधायच्या कडीच्या खाली पंच ठेवून 'शा' अक्षर उमटवायचे. ते अक्षर दिसलं की मी वॉरंटी कार्डावर सही करायचो… दांडा किंवा जोड तुटला तर पाच वर्षांच्या आत बदलून मिळेल. मी घाई केली की म्हणायचे, "कावून रे सुधीर, वरात थांबली हाय का तुयी? आजचा जोड आज हासते, लेका. त्याले रडाचं असन तर तो उद्या रडते."

तीन वर्षांपूर्वी त्यांची बहीण वारली आणि ते तेरवीसाठी गोंदियाला गेले. जाण्याआधी तीसेक लंगर वाजवून, खूण करून ठेवले होते. धरणावरच्या दुकानदाराला आणखी बारा हवे होते, मासेमारी खुली होण्याच्या आत. मऊ पोलादाची ठरलेली प्लेट आलीच नाही आणि जस्त चढवायला माल नेणारी गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. मी भंगारवाल्याकडून ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्या, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, आणल्या आणि त्यांचे किंचित अरुंद दांडे कापले. भोक पाडताना ड्रिल किंचाळत होतं. ते पोलाद कडक आहे, वाकणार नाही, तुटेल, हे मला कळत होतं. असं पोलाद आधी तापवून घेऊन जोडायचं आणि हळूहळू निवू द्यायचं असतं, हेही काकाजींनीच शिकवलेलं. मी तसं काही केलं नाही. बारा लंगर जोडले, आणि त्याच संध्याकाळी काकाजींच्या खणातून पंच काढून बारा वेळा 'शा' उमटवला. मग ते त्यांच्या तिसांत मिसळून टाकले.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी धरणावर वादळ उठलं. नांगरून ठेवलेल्या एका नावेच्या लंगराचा दांडा जोडापाशी तुटला. नाव बांधाच्या दगडांवर आदळली आणि नाव व दगड यांच्या मधे नावाड्याचा पाय सापडला. गुडघ्याखाली कापावा लागला. त्याचा थोरला भाऊ तुटका दांडा पोत्यात घालून आमच्याकडे आला. पिशवीतून घडी घातलेलं कार्ड काढून त्यानं टेबलावर ठेवलं. "लंगर के गारंटी हे, भैया. गोड़ के घलो हे का?" पायाचीही आहे का, असं तो विचारत होता. मी कार्डावरची माझीच सही बघत राहिलो.

काकाजींनी दांडा उजेडात धरला. तुटलेल्या तोंडाचा निम्मा भाग काळा पडलेला होता, निम्मा ताजा, पांढरा. "हा तडा जुना हाय," ते म्हणाले. "म्हंजे मी वाजवला तवाच होता." मग कडीखालच्या 'शा'वरून त्यांनी अंगठा फिरवला. "मले ऐकूच नाई आला…" मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मी नावाड्याच्या भावासाठी पाणी आणायला आत गेलो.

नवा लंगर आम्ही दिला. तो वाजवायला काकाजींनी नकार दिला. "आता माया कानाचा भरोसा नाई," म्हणाले आणि हातोडी माझ्या हातात देऊन घरी गेले. पुन्हा कामावर आले नाहीत. गिरीशनं कानाच्या डॉक्टरकडे नेलं. वयाच्या मानानं कान चांगले आहेत, असं डॉक्टर म्हणाले. काकाजींना ते पटलं नाही. महिन्यातून एकदा बस बदलून त्या नावाड्याला भेटायला मात्र जात राहिले. त्याच्यासमोर हात जोडून बसत, असं मला त्याच्या भावानं सांगितलं.

मी इकडे उरलेले अकरा लंगर शोधत होतो. जस्ताचा थर सुधारून देतो, असं खोटं सांगत नऊ परत आणले आणि गॅसनं कापून टाकले. दोन सापडले नाहीत. या हातातून त्या हातात विकले गेले होते.

शेवटची भेट ते जाण्याच्या पंधरा दिवस आधीची. अंथरुणावरच होते. मला बसवून घेतलं आणि दोन वर्षांत अनेकदा विचारलेला प्रश्न पुन्हा विचारला. "सुधीर, त्याच्यावर माई खूण होती नं? नीट पायलं होतंस तू?"

"होती, काकाजी."

"मंग माये कानच…" म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी गिरीशला सगळं सांगितलं. शिव्यांची तयारी ठेवून गेलो होतो. तो म्हणाला, "बोल देते ना, दादा. एक बार बोल देते. बाबांनी दोन शिव्या दिल्या असत्या, आणि दुसऱ्या दिवशी सायकल काढली असती."

मग उठून त्यानं काकाजींच्या उशाचा स्टीलचा पेला आणला आणि माझ्या हातात ठेवला. काठावर जिथं तिथं पोचे. त्यानं सांगितलं, काकाजी रोज सकाळी चमच्यानं तो वाजवायचे, आवाज विरेपर्यंत ऐकायचे आणि स्वयंपाकघराकडे बघून सुनेला विचारायचे, "वाजला नं, बाई?" ती आतून म्हणायची, "वाजला, बाबा." तरी उद्या पुन्हा.

धरणांवर ज्यांच्या नावा आहेत त्यांना सांगतो. कडीखाली 'शा' असलेला आणि नेहमीपेक्षा किंचित अरुंद दांड्याचा लंगर कुणाकडे असेल, तर तो पाण्यात सोडू नका, माझ्याकडे आणा. कार्ड नसलं तरी चालेल, पाच वर्षं उलटली असली तरी चालेल. ती खूण काकाजींची नाही. माझी आहे.

गिरीशनं पेला परत मागितला नाही. तो आता वर्कशॉपात साखळीच्या शेजारच्या फळीवर आहे. लंगर वाजवायच्या आधी मी तो एकदा वाजवतो. आवाज दूरपर्यंत लांबत जातो… आणि विचारायला कुणी नसतं.