बी टीममधल्या मुलीसाठी शाळा शोधताना: करामा ते रास अल खैमा, दोन दिवस

आमची मुलगी अभ्यासात कच्ची आहे. हे वाक्य असं उघड लिहायला मला दोन वर्षं लागली. पुस्तकाचं एक पान वाचायला तिला वर्गातल्या इतरांच्या तिप्पट वेळ लागतो. तीच मुलगी रग्बीच्या मैदानावर चेंडू काखेत धरून सुटली की मागे धावणाऱ्यांची दमछाक होते. रेवा तेरा वर्षांची आहे. दुबईतल्या करामात आम्ही तिघं राहतो: ती, तिचा बाबा मंदार आणि मी.

तिची सध्याची शाळा चांगली आहे, म्हणजे मार्कांसाठी चांगली आहे. जानेवारीत शाळेने तिला रग्बीतून काढलं आणि त्या वेळात गणिताच्या जादा वर्गात बसवलं. ती रडली नाही. फक्त घरात बोलायची थांबली. तीन आठवडे हे चाललं. मग एका संध्याकाळी मंदारनेच लॅपटॉप उघडला आणि इथल्याच, अमिरातीतल्या, बोर्डिंग असलेल्या ब्रिटिश शाळा शोधायला बसला. सोमवार ते शुक्रवार मुलं तिथे राहतात, शनिवार-रविवार घरी येतात.

पुण्याहून त्याच्या मोठ्या बहिणीचा, अस्मिताताईंचा, फोन आला. स्पीकर चालू होता.

"बोर्डिंगमध्ये मुलं कोण ठेवतं रे? ज्यांना घरात नकोशी झालीत ते. आणि तेही खेळासाठी? मुलीला? रग्बी?" दर प्रश्नाला त्यांचा आवाज एक पट्टी वर चढत होता.

"अगं ताई, नुसतं बघायला चाललोय."

मला त्याचं ते "नुसतं" आवडलं नाही. मी दोन दिवसांची रजा टाकली होती. नुसतं बघायला माणूस रजा टाकत नाही.

फेब्रुवारीतला गुरुवार आणि शुक्रवार धरला. शुक्रवारी शाळा दुपारच्या आत सुटतात, म्हणून लांबची शाळा त्या दिवशी सकाळी ठेवायची आणि गुरुवारी तिथेच मुक्काम करायचा. दोन शाळा पाहिल्या. नावं लिहीत नाही. नाव पाहून शाळा घ्यायची चूक आम्ही एकदा केलेली आहे.

निघण्याआधी मंदारने फाइल लावली. पारदर्शक पानांची जाड फाइल. त्यात अबॅकसची चार प्रमाणपत्रं, ऑलिंपियाडमध्ये भाग घेतल्याचं एक, आणि गणेशोत्सवातल्या वक्तृत्व स्पर्धेचं तिसरं बक्षीस. स्पर्धक तीनच होते. रग्बीचे फोटो शेवटच्या पानात. एक कागद मात्र त्याने फाइलमधून बाहेर काढला: मानसशास्त्रज्ञ बाईंचा दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट. रेवाला डिस्लेक्सिया आहे, अक्षरं तिच्यापर्यंत उशिरा पोचतात, असं त्यात लिहिलं आहे. तो आम्ही कुणालाच दाखवलेला नव्हता. सध्याच्या शाळेलाही नाही, अस्मिताताईंनाही नाही.

"आधी सीट मिळू दे, मग सांगू," मंदार म्हणाला.

मी पुऱ्या डब्यात भरत राहिले. त्याने रिपोर्ट खाकी पाकिटात घातला आणि पाकीट गाडीच्या डिकीत ठेवलं. गल्फमध्ये वीस वर्षं काढलेला माणूस कुठलाही कागद घरी ठेवून निघत नाही. दाखवायचा नसलेलासुद्धा.

गुरुवारी सकाळी सातला निघालो. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कपर्यंतचा रस्ता माझा रोजचा. तिथे एका पॅकेजिंग कंपनीत मी कागदपत्रं पाहते. शेख झायेद रोड टाळला, त्यामुळे टोलही लागला नाही. पाऊण तास धरा. पहिली शाळा तिथून दहा मिनिटांवर आहे. दोन वर्षांपूर्वी त्या जागी वाळू होती. आता तिथे पन्नास मीटरचा पोहण्याचा तलाव आहे, तीन हिरवी मैदानं आहेत आणि दारापासून जिन्यापर्यंत काचेच्या कपाटात करंडक आहेत.

प्रवेशविभागाच्या बाई तरुण होत्या, बोलायला गोड होत्या. फाइल त्यांनी पहिल्या पानापासून उलटली. अबॅकसपाशी थांबून म्हणाल्या, "किती अष्टपैलू मुलगी आहे." मंदार खुर्चीत जरा ताठ झाला. मीही झाले असणार.

रेवाने हात वर केला, वर्गात करतात तसा. ती इंग्रजीतच बोलते. मी मराठीत लिहिते आहे.

"मी गणितात नापास झाले तर तुम्ही माझी प्रॅक्टिस बंद करता का?"

बाई हसल्या. "आम्ही इथे नापास होण्याचा विचारच करत नाही."

"पण झालेच तर?"

"ठरावीक मार्कांच्या खाली गेलं की अर्ध्या टर्मसाठी खेळ थांबतो. मग मुलं आपोआप अभ्यासाला लागतात."

"ओके," रेवा म्हणाली. तिचं हे ओके मी ओळखते. दार लावल्यासारखं असतं.

पार्किंगमध्ये मंदार म्हणाला, "शिस्त आहे. वाईट काय आहे त्यात? ग्राउंड बघितलंस?"

"बाबा, सेम स्कूल. बिगर पूल," रेवा म्हणाली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

तिथून एमिरेट्स रोडने उत्तरेला लागलो. दीड तासाचा रस्ता, टोल नाही, पण ट्रक फार. कॅमेरे भरपूर, तेव्हा वेगमर्यादेच्या पाट्या पाहत राहा. शारजा मागे पडलं की वाळू तांबूस होते आणि कुंपणापलीकडे उंट दिसतात. तिखटमिठाच्या पुऱ्या बरोबर होत्या. चहासाठी एका पेट्रोलपंपामागच्या छोट्या दुकानापाशी थांबलो. हॉर्न दिला की मालक स्वतः कडक चहा घेऊन गाडीशी येतो. दोन दिरहमला कप. हा मालक केरळचा होता. त्याने रेवाची जर्सी पाहिली.

"बेटी, कौन सा गेम?"

"रग्बी."

"वो तो मारामारी है."

"हाँ," रेवा म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदा हसली.

रास अल खैमा जवळ आलं की उजवीकडे डोंगर उभे राहतात, करडे, झाड नसलेले. सिमेंटचे कारखाने, सिरॅमिकचे कारखाने, आणि मग एकदम खाडी. खाडीकाठच्या साध्या हॉटेलात तिघांची खोली दोनशे ऐंशी दिरहमला मिळाली. मंदारने काउंटरवरच मोठ्याने हिशेब केला, "साडेसहा हजार रुपये झाले," आणि मग पैसे दिले. जेवण जवळच्या माशांच्या दुकानात; मासा आपण निवडायचा, तो भाजून देतात.

ऊन उतरल्यावर रेवा खाडीकाठच्या पायवाटेने पळायला गेली. मंदार फोनवर वेळ लावून उभा होता. ती वळणावरून परत आली तेव्हा आकडा पाहून तो मला म्हणाला, "कॅप्टन होईल ही. बघशील तू." अभ्यासाची उणीव मैदानावर भरून निघणार, असा सौदा त्याने मनात पक्का केला होता. खरं तर मीही केला होता. फक्त मोठ्याने बोलले नव्हते.

शुक्रवारी सकाळी साडेसातला दुसऱ्या शाळेच्या फाटकात होतो. इमारत जुनी, रंग उडालेला. एकच मोठं मैदान, कृत्रिम गवताचं, कडेला झिजलेलं. करंडकांचं कपाट आहे, पण त्याच्यासमोर ओले टॉवेल वाळत घातले होते. मुलींच्या वसतिगृहाच्या प्रमुख बाई स्वतः बाहेर आल्या. पन्नाशीच्या, मूळच्या वेल्सच्या. गुडघ्याला पट्टा होता आणि त्या किंचित लंगडत होत्या. मंदारने फाइल पुढे केली.

"नंतर," त्या म्हणाल्या. मग रेवाकडे वळल्या. "बूट आणलेस?"

बूट डिकीत होते. रेवा चावी घेऊन गेली, बूट घालून आली आणि थेट मैदानात शिरली. तिथे मुलींचा सराव चालू होता. वीस मिनिटं तिला त्यात खेळवलं. दोनदा ती सुटली तेव्हा कुणाच्या हाती लागली नाही. तीनदा तिच्या हातून चेंडू निसटला. एकदा एका दणकट मुलीने टॅकल करून तिला आडवं केलं. ती उठली, थुंकली आणि परत रांगेत उभी राहिली. मंदारने माझा हात धरला होता.

मग ऑफिसात बसलो. रेवाच्या कोपरातून थोडं रक्त येत होतं. बाईंनी फाइल उलटली, दोन मिनिटांत मिटली आणि विचारलं, "वाचनाबद्दल काही तपासणी झाली आहे का? कसला रिपोर्ट?"

"नाही," मंदार म्हणाला. लगेच. शांतपणे.

"आहे, बाबा," रेवा म्हणाली. "डिकीत आहे. मी आत्ता बूट काढताना पाकिटात पाहिला."

मंदारचे कान लाल झाले. मला वाटलं, आता संपलं. शाळेला पहिलीच गोष्ट खोटी सांगितली आणि मुलीने तोंडावर पकडली. मी चावी घेतली आणि बाहेर पडले. मंदार माझ्या मागे पार्किंगपर्यंत आला.

"खलास," तो म्हणाला. "आता काय दाखवायचं?"

"जे आहे ते."

"मी तिच्यासाठीच केलं गं."

"माहीत आहे. मीही गप्प बसले."

मी पाकीट नेऊन टेबलावर ठेवलं. बाईंनी आम्हाला काही सुनावलं नाही. चष्मा लावून त्यांनी अकराच्या अकरा पानं वाचली. आम्ही दोघांनी तो रिपोर्ट फक्त शेवटचं पान वाचून मिटला होता. मग त्यांनी रेवाला विचारलं, "फळ्यावरचं वाचायला जास्त त्रास होतो की पुस्तकातलं?"

"पुस्तकातलं. कुणी मोठ्याने वाचून दाखवलं तर मला सगळं कळतं. गणितसुद्धा."

दोन वर्षांत हा प्रश्न आम्ही विचारला नव्हता.

बाई म्हणाल्या, आठवड्यातून तीनदा नाश्त्याआधी वाचनाचा तास. त्यासाठी वेगळ्या शिक्षिका आहेत. रेवाने आपला प्रश्न विचारला, नापास झाले तर प्रॅक्टिसचं काय.

"मार्कांसाठी इथे कुणाची प्रॅक्टिस बंद होत नाही. दुखापत लपवली तर होते."

मंदार स्वतःच्या बुटांकडे पाहत होता.

"जागा आहे. पण आणखी एक, आत्ताच स्पष्ट सांगते," बाई म्हणाल्या. "सरळ रेषेत ही झकास पळते. पास देणं कच्चं आहे, टॅकल कच्चं आहे. या वर्षी बी टीम. पुढचं मी सांगणार नाही, मला माहीत नाही."

रेवाचा चेहरा उतरला. तिने कोपरावरचं रक्त पुसलं. "बी टीमच्या मॅचेस असतात?"

"ए टीमइतक्याच. बसही तीच."

"ओके," रेवा म्हणाली. हे ओके मी आधी ऐकलेलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर उम्म अल क्वैन ओलांडलं. मंदार एकदम बोलला.

"अभ्यासात मागे, मान्य. पण मला वाटलं, खेळात तरी पहिली असेल. आता तिथेही बी टीम. मग हे सगळं कशासाठी चाललंय?"

"कॉलेजात तू क्रिकेट खेळायचास ना? कुठल्या टीममध्ये होतास?"

"टीममध्ये नव्हतो. नेटमध्ये त्यांना बोलिंग टाकायचो."

"किती वर्षं?"

"तीन." थोड्या वेळाने त्याने जोडलं, "रोज जायचो."

मागच्या सीटवर रेवाच्या कानात हेडफोन होते. तिने एका कानातला काढलेला मला आरशात दिसला.

ज्यांना अशीच फेरी मारायची आहे त्यांना एवढंच सांगते. करंडकांचं कपाट दाखवायला प्रत्येक शाळा उत्सुक असते. तुम्ही बी टीमचा सराव कधी असतो ते विचारा आणि त्या वेळी जा. त्या मुलांना शिकवायला कोण उभं आहे ते पाहा. मार्क कमी पडले तर खेळ काढून घेता का, हे मुलासमोर विचारा आणि उत्तर देणाऱ्याचं तोंड पाहा. मुलाबद्दलचा प्रत्येक कागद टेबलावर ठेवा. तो पाहून जे दार बंद करतील त्यांच्याकडे मूल ठेवायचंच नव्हतं. आणि ज्यांना वाटतं की मूल कशात तरी पहिलं यायलाच हवं, नाहीतर त्याच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही, त्यांनी हा लेख इथेच सोडून दिला तरी चालेल. रेवा कशातच पहिली नाही. तिला रोज पळायचं आहे, पडायचं आहे, परत रांगेत उभं राहायचं आहे. तेवढं कारण मला पुरतं.

शनिवारी अस्मिताताईंचा फोन आला. "मग? घेतलं का टीममध्ये?"

मी तोंड उघडायच्या आत रेवाने फोन ओढून घेतला आणि मराठीत म्हणाली, "हो, आत्या. बी टीम." आणि मग, कुणी न विचारता, "आणि मला डिस्लेक्सिया आहे. आईला विचार." फोन माझ्या हातात देऊन ती खाली खेळायला गेली. अस्मिताताईंना इतकं गप्प मी प्रथमच ऐकलं. मी सगळं सांगितलं. त्यांना पटलं असं मी म्हणणार नाही.

मंगळवारी पहिल्या शाळेची मेल आली. फाइल फार आवडली, जागा देत आहोत, तीन दिवसांत कळवा. मी स्वयंपाकघरातून मंदारला टाइप करताना पाहत होते. एवढा तलाव, एवढी मैदानं. त्याने मला स्क्रीन दाखवली. एकच ओळ होती: धन्यवाद, आम्हाला ही जागा नको.

"कारण नाही लिहायचं?" मी विचारलं.

"कशाला?" त्याने बटण दाबलं. "त्यांनी तिच्याबद्दल काही विचारलं होतं का?"