आप्पाचा वडा

गडमुडशिंगीच्या बनाबाईंचा थोरला चुलता आकाराम लढाऊ विमान चालवायचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशावर त्याचं विमान पडलं आणि आकारामआप्पा तिकडचाच झाला. बनाबाई जन्मल्या त्यानंतर. त्यांना आप्पा ठाऊक तो भिंतीवरच्या फोटोतला, नाहीतर वडिलांच्या तोंडचा: "आमचा दादा एका वड्यावर कधी उठला न्हाय!"

दर सर्वपित्रीला आप्पाचं पान वाढायचं आणि कावळा काही शिवायचा नाही. आधी वडिलांनी, मग बनाबाईंनी नाही नाही ती वचनं देऊन पाहिली. कावळा ढिम्म. गेल्या साली उन्हात उभं राहून पाय भरून आले, तशा बनाबाई करवादल्या, "आप्पा, आता इमानात बसून भरवू व्हय तुला?"

कावळा वडा उचलून पसार!

झालं, शब्द दिला गेला. पितरांना दिलेला शब्द मोडवतोय होय कुणाला? यंदा सर्वपित्रीलाच अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बनाबाई नात अनुजाला घेऊन मुंबईच्या विमानात चढल्या. डब्यात एक वडा.

तपासणीवाला म्हणाला, "कुणासाठी, आजी?"

"चुलत्यासाठी."

"कुठं असतात?"

"वरच की!"

विमान उडालं तसा बनाबाईंनी अनुजाचा हात धरला. अंबाबाईचं नाव घेता घेता त्यांना हसूच फुटलं. "आगं अनू, ऊस बघ, कोथमिरीची जुडी जणू!" मग हवाई सुंदरीला हाक. "बाई, खिडकी उघड जरा. वडा टाकायचाय."

"आजी, ही उघडत नाही."

"येष्टीची उघडती की!"

सगळं विमान खिदळलं. डबा मात्र मांडीवर तसाच. बघता बघता मुंबई आली, चाकं टेकली. आता पाऊल बाहेर पडलं की शब्द बुडाला.

"आज्जी, मीच खाते."

"घरचं माणूस चालत न्हाय. कावळा काय घरचा असतोय?"

दाराशी गणवेशातली वैमानिक पोरगी निरोपाला उभी होती. बनाबाई तिच्यापुढं थांबल्या त्या थांबल्याच. एका दमात आप्पा, कावळा, वचन सगळं सांगितलं. मागं रांग खोळंबली.

पोरगी हसली. "मी कुरुंदवाडची हाय, आजी. म्हाळात पितराच्या घासाला न्हाय म्हणतोय व्हय आम्ही?" आणि तिनं आ केला.

बनाबाईंनी तिथंच भरवलं. पोरीनं वडा संपवला, बोट चाटलं, डब्यात डोकावली.

"एकच आणलाय व्हय?"

बनाबाईंनी दाराची कड धरली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत सुटल्या. "आप्पाच की गं ह्यो!"