द्राक्षमळ्यातली फुगडी

कट्टा गावातल्या आमच्या घरात गणपती आणि मी मात्र परदेशात, असं कधी होईल हे कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण लेक फ्रान्समधल्या एका वायनरीत नोकरीला, आणि त्या वर्षी तिथली द्राक्षं लवकर पिकली. चतुर्थीसाठी तिला मिळालेली रजा रद्द झाली, म्हणून तिने माझंच तिकीट काढलं. घरचं सगळं जावेवर सोपवून मी डोळे पुसत विमानात बसले.

तिथे पोचल्यावर तिच्या खोलीत तोंड पाडून बसले होते, तर ती म्हणाली, "आई, घरात बसान काय करतलंस? चल माझ्यावांगडा, द्राक्षां तोडूक."

मालकाने हौसेने मला कात्री आणि बादली दिली. वेलींच्या ओळी जेमतेम कमरेएवढ्या. ओळीच्या अल्याड मी, पल्याड माझ्याच वयाची एक धिप्पाड फ्रेंच बाई. ती पानांतून डोकं काढून काहीतरी विचारायची, मी मालवणीत उत्तर द्यायचे आणि दोघी खो खो हसायचो. का हसतोय ते दोघींनाही ठाऊक नसायचं. एकदा उतारावर माझा पाय घसरला आणि मी थेट द्राक्षांनी भरलेल्या बादलीत बसले. मला उठवायला आलेली ती बाई हसून हसून माझ्या शेजारीच मातीत बसली. शेवटी मालकाने आम्हा दोघींना हात देऊन उठवलं.

तोडणीच्या शेवटच्या दिवशी ट्रॅक्टर पानाफुलांनी सजला. आम्ही सगळे मागच्या ट्रॉलीत चढलो, हॉर्न वाजवत गावातून मिरवणूक निघाली. या दिवशी एकमेकांच्या तोंडाला द्राक्षं फासायची तिथली रीत. बाईने माझे गाल जांभळे केले. मग मी कशाला मागे राहते? हात वर करून मालकाचं टक्कल रंगवलं.

वायनरीच्या अंगणात पोरांनी बादल्या पालथ्या घालून ठेका धरला. तो ठेका कानात शिरला आणि माझे पाय ऐकेनात. गणपतीपुढे फुगडी घातल्याशिवाय माझा एकही भाद्रपद गेला नव्हता. मी बाईचे दोन्ही हात तिढा घालून धरले, तिचे पाय माझ्या पायांना टेकवून घेतले आणि गिरकी घेतली. मळा, ट्रॅक्टर, मालक सगळं गरगर फिरू लागलं. बाई किंचाळत होती, पण हात सोडत नव्हती.

"आई, पुरे गो! पडतलंस!" लेक ओरडली.

"पडलंय तर पडलंय!"

आणि पडलोच, दोघी एकमेकींवर. टाळ्या थांबेनात.

तेवढ्यात जावेचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे संध्याकाळची आरती नुकतीच आटपली होती. मला बघून ती दचकलीच. "वैनी, ह्या काय लावलंस तोंडाक?" मला हसूच आवरत नव्हतं. मग तिने फोन गणपतीसमोर धरला, आणि मी तशीच, जांभळ्या हातांनी, अंगणात बसल्या बसल्या नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी गुडघे इतके धरले की जिना उतरवेना. दारावर टकटक झाली. लेकीने दार उघडलं तर तीच बाई, सोबत तिच्या दोन बहिणी, आणि त्यातल्या धाकटीने हात आधीच तिढा घालून पुढे केलेले.